बाबा पायलट नव्हते, मग त्यांच्याबद्दल काय लिहू?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे स्वतः वायुसेनेतून निवृत्त झालेले एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम करणारे, आहेत.)

प्रश्न : नमस्कार काका, तुमचं हे सदर आमच्या घरी सगळ्यात आधी बाबा वाचायचे म्हणून तुम्हालाच लिहितेय. बाबा मागच्या महिन्यात गेले, ८१ वर्षांचे होते. एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होते, १९६३ ला भरती झाले आणि १९७८ ला पेन्शन घेऊन गावी आले, पुढे साखर कारखान्याच्या वर्कशॉपला नोकरी केली. तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस विचारत होता, अण्णा विमान चालवायचे ना? आई म्हणाली हो म्हणून टाक, कुणाकुणाला समजावत बसणार. मला वर्षश्राद्धाला त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायचीये पण लिहायला बसले की हात थांबतो, कारण ते लढाईबद्दल कधी बोललेच नाहीत. विचारलं की म्हणायचे, आम्ही काय केलं, विमानं लावली आणि काढली. एवढंच. ट्रंकेत चार मेडल सापडली (रक्षा मेडल, पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि एक स्वातंत्र्याच्या २५ वर्षांचं), एका विमानाच्या शेपटीपाशी उभे असलेला फोटो, आणि एक विचित्र पक्कड, जिचा मागचा गोळा ओढला की ती गरगर फिरते. हाशिमारा आणि हंटर हे दोन शब्द तेवढे आठवतात. आणि एक सवय, घरातल्या प्रत्येक नटाला ते तार पिळून बांधायचे, नळाला, सायकलच्या सीटला, मोटरच्या फाउंडेशनला सुद्धा, भाऊबंद हसायचे. चुलतभाऊ अजून भांडतोय की सैनिक असून तिरंगा का नाही मिळाला. काय लिहू मी?
– एक वाचक, ता. कराड

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, आईंना म्हणावं हो म्हणून टाकू नका. त्यांचं दुःख मला कळतंय, दमलेल्या माणसाला प्रत्येकाला समजावत बसणं नको वाटतं, पण अण्णांना पायलट केलं की अण्णांनी पंधरा वर्षं जे केलं ते पुसलं जातं, आणि ते काम काही कमी नव्हतं. मी १९७३ ला भरती झालो म्हणजे लढाई संपून दीड-दोन वर्षं झालेली, त्यामुळे मी लढाई पाहिली असं म्हणणार नाही, पण मला हातात पाना धरायला ज्यांनी शिकवलं ते सगळे ७१ बघून आलेले सार्जंट आणि कॉर्पोरल होते, तुमच्या वडिलांच्याच वयाचे, आणि तेही असंच बोलायचे. लावली आणि काढली.

तर त्या तीन शब्दांतच तुमची पुस्तिका आहे, ती कशी ते बघा.

मेडलपासून सुरुवात करू. रक्षा मेडल १९६५ च्या लढाईच्या वेळी सेवेत असणाऱ्यांना मिळालं. त्यासोबत समर सेवा स्टार नाहीये, तो प्रत्यक्ष लढाईच्या भागात असणाऱ्यांचा, म्हणजे ६५ ला अण्णा बहुतेक मागच्या कुठल्यातरी स्टेशनवर होते, नवीनच पोरगा, भरती होऊन दोन वर्षं झालेली. संग्राम मेडल ७१ चं. २५ वर्षांचं मेडल १९७२ ला जे सेवेत होते त्यांना मिळालेलं. पण खरं बोलकं आहे ते पूर्वी स्टार. ७१ ला पश्चिम आघाडीवर असणाऱ्यांना पश्चिमी स्टार आणि पूर्वेला, म्हणजे आताच्या बांगलादेशाच्या आघाडीवर असणाऱ्यांना पूर्वी स्टार. म्हणजे डिसेंबर ७१ मध्ये तुमचे वडील पूर्वेला होते हे पक्कं, आणि हाशिमारा तिथलंच, उत्तर बंगालमध्ये भूतानच्या पायथ्याशी, चहाच्या मळ्यांच्या मधोमध. तिथं ७१ ला हंटरच्या स्क्वाड्रन होत्या. तुम्हाला आठवणारे दोन शब्द आणि ट्रंकेतलं मेडल एकमेकांशी जुळतात, म्हणजे हे तुम्ही न घाबरता लिहू शकता. मेडलच्या कडेवर भिंग लावून बघा, बारीक अक्षरात नंबर, हुद्दा आणि नाव असतं, फक्त ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात.

आता हंटर म्हणजे काय ते थोडं सांगतो कारण त्याशिवाय काम कळणार नाही. ब्रिटिश बनावटीचं विमान, आपण १९५७ ला १६० ची ऑर्डर दिली होती, एक इंजिन, रोल्स रॉइसचं एव्हन, आणि नाकाच्या खाली ३० मिलिमीटरच्या चार तोफा. या तोफांची गंमत अशी की चारही तोफा आणि त्यांच्या गोळ्यांच्या पेट्या मिळून एकच पॅक असायचा, विमान उतरलं की तो अख्खा पॅक खाली उतरवायचा आणि आधीच भरून ठेवलेला दुसरा वर चढवायचा, नळ्या तेवढ्या विमानातच राहायच्या. एकेक गोळी भरत बसायला लागायचं नाही. उतरलेलं विमान असं झटपट पुन्हा उडायला तयार करणं, याला आम्ही टर्नअराउंड म्हणतो. विमान टॅक्सी करून आलं की चाकाला चोक, शिडी, पायलट खाली, आणि तो ब्रीफिंगला जाईपर्यंत इकडे एक जण इंधन भरतोय, एक ऑक्सिजन बघतोय, आर्मामेंटवाले गन पॅक आणि रॉकेट, एक जण शेपटीत नवीन ब्रेक पॅराशूट बसवतोय, आणि तुमचे वडील, इंजिन फिटर, ते टॉर्च घेऊन एअर इनटेकमध्ये डोकं घालून काँप्रेसरची पाती बघतायत. पक्षी गेलाय का, खडा गेलाय का, पात्याला कुठे खाच पडलीय का. बोटाने चाचपून. इंजिन नुकतंच बंद झालेलं, बाकीचा पत्रा तापलेला, आणि वेळ नाही. असं दिवसातून एकाच विमानाचं कितीतरी वेळा. लावली आणि काढली म्हणजे हे.

आणि इंजिन बदलायचं असेल तर हंटरचा मागचा भागच सोडवून ट्रॉलीवर मागे ओढायला लागतो, म्हणजे विमानाचे सरळ दोन तुकडे, मग इंजिन. रात्री ब्लॅकआउट असायचा, टॉर्चच्या काचेला कागद लावून काम करायचं, आमचे सीनियर सांगायचे की डोळ्यांपेक्षा बोटं जास्त वापरली त्या चौदा दिवसांत. डिसेंबरात हाशिमाऱ्याला थंडी आणि धुकं, लोखंडाला हात लावला की चिकटल्यासारखं वाटतं, आणि हातमोजे घालून बारीक नट लागत नाहीत.

त्या चौदा दिवसांचा हिशोबही द्या पुस्तिकेत, थोडक्यात. ३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानने पश्चिमेकडच्या आपल्या विमानतळांवर हल्ले केले, ४ ला सकाळपासून पूर्वेला ढाक्याच्या तेजगाव विमानतळावर आपली विमानं जायला लागली, मिग-२१ नी धावपट्टी अशी उखडली की ६ डिसेंबरनंतर तिथून त्यांची लढाऊ विमानं उठलीच नाहीत. १४ तारखेला ढाक्यातल्या गव्हर्नर हाऊसवर गुवाहाटीहून मिग गेली आणि हंटरही गेली, त्याच दिवशी तिथल्या गव्हर्नरने राजीनामा दिला. १६ ला शरणागती. हे सगळं पुस्तकात पायलटांच्या नावाने लिहिलेलं असतं आणि ते बरोबरच आहे, जीव त्यांनी धोक्यात घातला. पण त्यातलं प्रत्येक उड्डाण कुणीतरी सही करून सोडलेलं आहे.

ती सही. ताई, या एका गोष्टीवर तुम्ही एक पान लिहाच. प्रत्येक विमानाचं एक रजिस्टर असतं, फॉर्म ७००, आम्ही नुसतं सेव्हन हंड्रेड म्हणायचो. त्यात इंजिनवाला, एअरफ्रेमवाला, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंटवाला, आर्मामेंटवाला, ज्याने त्याने आपापलं काम तपासून आपापल्या रकान्यात सही करायची, आणि सगळ्यात शेवटी पायलट ते वाचून सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. पायलट इंजिन उघडून बघत नाही. तो सही बघतो. पंचविशी ओलांडलेला कॉर्पोरल, सातारा जिल्ह्यातल्या गावातून आलेला, त्याच्या सहीवर विश्वास ठेवून एक माणूस कॉकपिटमध्ये बसतो आणि सीमेपलीकडे जातो. आणि मग ते विमान परत येईपर्यंत तो कॉर्पोरल काय करतो? आभाळाकडे बघतो. गेली किती, आली किती, मोजतो. आमच्या एका सीनियरचं विमान आलं नव्हतं एकदा, त्यांनी मला ते फक्त एकदा सांगितलं, चहा पिता पिता, आणि म्हणाले मी सेव्हन हंड्रेड काढून माझी सही परत परत वाचली, की माझ्याकडून तर काही राहिलं नाही ना. शत्रूच्या तोफेने पडलं होतं ते, त्यांचा काहीच संबंध नव्हता, तरी वाचली. तुमचे वडील कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही करायचे नाहीत असं असेल, म्हणजे बँकेत लोक वैतागायचे असं काही, तर ते आठवून लिहा, मला खात्री आहे तसं असणार.

आता ती पक्कड आणि तार. पत्रात हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला थोडा वेळ. याला वायर लॉकिंग म्हणतात. विमान थरथरतं, सतत, आणि थरथरीने नट सैल होतो. म्हणून बोल्टच्या डोक्यालाच भोक पाडलेलं असतं, त्यातून स्टीलची बारीक तार ओवायची, दोन पदर एकसारखे पिळायचे आणि शेजारच्या बोल्टला किंवा पक्क्या जागेला बांधायचे. पिळायच्या दिशेत सगळी मेख आहे, तार अशी बांधायची की नट सैल व्हायला लागला तर तारेनेच तो आवळण्याच्या बाजूला ओढला जावा. उलटी बांधली तर ती नुसती शोभेची. पीळ एकसारखा हवा, सैल नको आणि इतका कडकही नको की तार तुटेल, आणि शेवटचं टोक कापून आत वळवायचं म्हणजे पुढच्या माणसाच्या हाताला लागणार नाही. ट्रेनिंगला आम्ही आठवडेच्या आठवडे तारा पिळल्यात, इन्स्ट्रक्टर बोट फिरवून बघायचे आणि बोटाला टोक टोचलं की कापून परत करायला लावायचे. तुमच्या घरच्या नळाला जाऊन बघा आज, टोक आत वळवलेलं असेल. नळाला. जिथं कुणी तपासायला येणार नव्हतं तिथं.

पक्कड सरकारी असेल अशी शंका मनात आणू नका. आमच्याकडे काम संपलं की हत्यारं मोजायची, टूलबोर्डवर प्रत्येक हत्याराच्या आकाराची जागा रंगवलेली, एक स्क्रूड्रायव्हर कमी भरला तर विमान उडत नाही, सगळे मिळून शोधायचे मध्यरात्र झाली तरी, कारण तो कंट्रोलच्या सळईत अडकला तर पायलट गेला. असल्या माणसांच्या ट्रंकेत स्टोअरची पक्कड निघत नाही. त्यांनी ती नंतर स्वतःच्या पैशाने घेतली असणार, कारखान्यात असताना वगैरे, आणि हे मला जास्त मोठं वाटतं. आईंना विचारा, जेवणं झाल्यावर चमचे मोजायची सवय होती का, रस्त्यात पडलेला खिळा, वॉशर उचलून खिशात टाकायचे का. रोज सकाळी आम्ही सगळे ओळीने धावपट्टीवरून खाली बघत चालायचो, खडे, तारेचे तुकडे वेचत, इंजिनात जाऊ नयेत म्हणून. ती नजर जात नाही नंतर. आणि कमी ऐकू यायचं का? जेटजवळ काम केलेल्या त्या पिढीचे कान बऱ्याच जणांचे गेलेत, घरचे म्हणतात म्हातारा ऐकत नाही.

फोटोत शेपटीवर किंवा बाजूवर विमानाचा नंबर दिसत असेल तर तो लिहून घ्या, एक-दोन अक्षरं आणि पुढे आकडे असतात, त्यावरून कुठलं विमान ते कळतं. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, तिथं तारीख किंवा दोस्तांची नावं असतात. दिल्लीला जाणं झालं तर पालमला वायुसेनेचं म्युझियम आहे तिथं हंटर ठेवलेलं आहे, चालू आहे का एवढं आधी विचारून आईंना नक्की घेऊन जा, आणि इनटेकपाशी उभं करून दाखवा की हे बघ इथं डोकं घालायचे.

तिरंग्याचं. चुलतभावाची तळमळ खरी आहे पण त्यात कुणी अपमान केलेला नाही. ध्वजसंहितेनुसार तिरंगा पार्थिवावर फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाच्या अंत्यसंस्कारात घालतात, निवृत्त होऊन घरी वारलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला तो असतोच असं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, २०१९ ला झालं ते, तिथंही नावं आहेत ती सेवेत धारातीर्थी पडलेल्यांची. जे लढाईवरून परत आले, पोरंबाळं वाढवली, कारखान्यात पंप दुरुस्त केले आणि म्हातारे होऊन गेले, त्यांची नावं घरच्यांनीच लिहायची असतात. तुम्ही लिहिताय. तुमच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हुद्दा लिहा, ट्रेड लिहा, इंजिन फिटर, ठळक अक्षरात. १९३२ ला आपलं हवाई दल स्थापन झालं आणि १९३३ ला त्याची पहिली तुकडी उभी राहिली तेव्हा तिच्यात सहा अधिकारी आणि १९ हवाई सिपाई होते, म्हणजे पहिल्या तुकडीपासून ही माणसं त्यात आहेत.

प्रश्न : माझे मिस्टर वायुसेनेतून निवृत्त होते, दोन महिन्यांपूर्वी गेले. पेन्शन अजून त्यांच्याच नावावर जमा होतेय, मी काढू का? मुलगा परदेशी असतो.
– एक भगिनी, जळगाव

उत्तर : वहिनी, त्या पैशाला हात लावू नका, ते नंतर परत मागतात आणि मनस्ताप होतो. मृत्यूचा दाखला घेऊन पेन्शन जिथून येते तिथं आधी कळवा. आता बहुतेकांची पेन्शन स्पर्श या ऑनलाइन व्यवस्थेत गेलीय, तिथूनच फॅमिली पेन्शन तुमच्या नावावर सुरू होते. त्यांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, काढून बघा, त्यात तुमचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणे आहे का, स्पेलिंगच्या एका अक्षरावरून फाइल अडते. जळगावात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं कागदं घेऊन जा, ते फॉर्म भरायला मदत करतात, त्यांचं कामच ते आहे, लाजू नका. दवाखान्यासाठीचं ईसीएचएस कार्डही तुमच्या नावाने चालू ठेवून घ्या.

प्रश्न : आजोबा ६५ ला पठाणकोटला होते एवढंच माहितीये, मेकॅनिक होते. मी लहान असताना ते आमच्या अंगणात दोन गाड्या शेजारी शेजारी लावू द्यायचे नाहीत, काकांशी त्यावरून वाद व्हायचे. त्यांची सर्व्हिसची माहिती कशी काढू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मित्रा, आधी दुसऱ्या गोष्टीचं सांगतो. ६ सप्टेंबर १९६५ ला संध्याकाळी पठाणकोटवर पाकिस्तानी सेबर विमानं आली आणि जमिनीवर उभी असलेली आपली विमानं जळाली, मिस्टेअर होती, नव्याने आलेली मिग-२१ होती. आजोबा त्या दिवशी तिथं असतील तर त्यांनी आदल्या रात्री ज्या विमानाला हात लावला ते डोळ्यांसमोर पेटताना बघितलंय. एकमेकांजवळ उभं केलेलं एक पेटलं की दुसरंही जातं. त्यानंतर आपण विमानं लांब लांब पांगवून ठेवायला लागलो, काँक्रीटचे शेल्टर बांधले, आणि म्हणून ७१ ला ३ डिसेंबरच्या हल्ल्यात जमिनीवर फारसं काही गेलं नाही. हा धडा वायुसेनेने मोठ्या बैठकांमध्ये घेतला असेल, पण तुझ्या आजोबांनी तो अंगणापर्यंत आणला. काकांना सांग हे, वाद जुना झाला असला तरी.

आता माहिती. सगळ्यात आधी सर्व्हिस नंबर लागतो, तो डिस्चार्ज बुकात, पीपीओवर किंवा मेडलच्या कडेला मिळेल, समर सेवा स्टार असेल तर तोही बघ. मग आजी असतील तर त्यांच्या सहीने, नसतील तर तुझ्या वडिलांच्या सहीने, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधल्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही त्यांची नोंद असू शकते, आधी तिथं जा, जवळ आहे. आणि तुमच्या नागपुरातच वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, त्यामुळे शहरात जुने फिटर बरेच स्थायिक झालेत, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभा राहा आणि पठाणकोट म्हणून विचार, कुणीतरी मान वर करेल. डिस्चार्ज बुकात ट्रेडची आणि युनिटची नावं आद्याक्षरांत असतात, बाहेरच्या माणसाला लागत नाहीत, त्या पानांचे फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी वाचून देतो.